विहीणबाईंचं बोट

आमच्याकडं एखाद्या बाईनं "हिमालयात निघाले" असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "चारधाम का?" आणि दुसरा, "बरोबर कोण?" पहिल्याला मी "नाही, नंदादेवी पूर्व शिखराच्या बेसकॅम्पला" असं उत्तर दिलं की समोरचा चेहरा कोरा पडायचा. दुसऱ्याला "विहीणबाई" म्हटलं की तोच चेहरा सणासुदीसारखा उजळायचा. शेजारच्या वहिनींनी तर आवाज खाली आणून विचारलं, "तंबू एकच, का वेगवेगळा?"

"एकच."

"जपून हं," त्या म्हणाल्या. त्यांना काळजी दरीची नव्हती, एवढं मला कळलं.

या विहीणबाई म्हणजे शालनबाई. माझी लेक प्राची त्यांच्या विक्रमला दिली आहे. गारगोटीच्या पलीकडं त्यांचं गाव. ऊस, भरलेला गोठा आणि गावच्या दूध संस्थेत त्यांच्या शब्दाला वजन. मी कोल्हापुरात राजारामपुरीतली, पोस्टाच्या काउंटरमागं नोकरी करून निवृत्त झालेली. आमच्यात भांडण कधीच नव्हतं. भांडण निदान मिटतं तरी. आमची होती ती चढाओढ. लग्नात भर पंगतीत त्यांनी माझ्या मठ्ठ्यात मीठ कमी असल्याचं जाहीर केलं होतं, आणि नातवाच्या बारशाला मी त्यांच्या पेढ्यांना "खवा जरा जास्त भाजलाय, पण चव बरी आहे" असं प्रशस्तिपत्र दिलं होतं. तेव्हापासून पोरं आम्हा दोघींना एका खोलीत फार वेळ ठेवत नसत.

खरं तर हा ट्रेक विक्रमला करायचा होता. एका रविवारी जेवताना तो फोनवर त्याचे व्हिडिओ दाखवत होता. तंबूत राहायचं, सामान खेचरं नेतात, आचारी बरोबर असतो. "पण आई, तुम्हा लोकांचं ते काम नव्हे."

"तुमा लोकांचं म्हंजे?" शालनबाईंचा घास थांबला.

"म्हणजे, वयाच्या मानानं..."

"डोंगर काय जन्माचा दाखला बघून वर घेतोय व्हय रं?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडून गेलं, "मी दर रविवारी पन्हाळा चढते."

"पन्हाळ्याला गाडी जातीया, विहीणबाई."

"मी पायवाटेनं चढते."

"मग चला की. बगू कोन आदी खाली बसतंय."

विक्रम खो खो हसला. ते हसणं त्याला चांगलंच नडलं, कारण त्या उन्हाळ्यात ट्रेकला आम्ही दोघी गेलो आणि पोराला सांभाळायला तो घरी राहिला.

मुनस्यारी

काठगोदामपासून मुनस्यारीपर्यंतच्या वळणांबद्दल मी काही लिहिणार नाही. मी पूर्ण वेळ प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड घालून होते आणि शालनबाई डोळे घट्ट मिटून दत्ताचं नाव घेत होत्या. उतरल्यावर त्यांनी पहिलं वाक्य टाकलं, "तुमी माज्यापरास एकदा जास्त वकला." म्हणजे मोजत होत्या!

मुनस्यारी हे कुमाऊंमधलं डोंगराच्या कुशीतलं गाव. समोर पंचाचुलीची पाच बर्फाळ शिखरं एका रांगेत उभी. पांडवांनी स्वर्गाला निघताना शेवटचा स्वयंपाक या पाच चुलींवर केला, असं तिथले लोक सांगतात. सूर्य मावळताना ती शिखरं खरोखर पेटल्यासारखी लाल झाली. आमच्या गटातली पुण्याची चार मुलं आणि बंगळुरूचं जोडपं अशी सगळी एकटक बघत होती. शालनबाईही बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "चुली पाच आनि रांधनारी एकटी. बिचारी द्रौपदी."

आमचा म्होरक्या हरीश तिथलाच. तिशीतला, कमी बोलणारा, आणि बोलला की ऐकावंसं वाटणारा. त्यानं नियम सांगितले: हळू चाला, पाणी प्या, रोज संध्याकाळी मी तुमच्या बोटाला यंत्र लावून रक्तातला प्राणवायू बघणार, आणि डोकं दुखलं तर लपवायचं नाही. मी आणि शालनबाईंनी एकाच वेळी आज्ञाधारकपणे मान हलवली. पोरांच्या लग्नानंतर आमचं एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालनबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली. तंबूच्या मागं जाऊन त्या चार फेऱ्या मारून आल्या आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "सारकं वाटतंय, कायतरी घालायचं ऱ्हायलंय." पुढं चढाला लागल्यावर मात्र त्यांनी जाहीर केलं की ही सोय पुरुषांनी इतकी वर्षं आपल्यापुरती ठेवली, हे काही बरं केलं नाही.

गोरी नदीच्या काठानं

वाट गोरी नदीच्या कडेकडेनं वर जाते. नदी नावाप्रमाणं गोरी. पांढरट पाणी खडकांवर आपटत, गर्जत खाली येतं. एका पुलावर थांबून शालनबाईंनी ते बराच वेळ न्याहाळलं. "संस्थेत घालाय आनलं तर परत पाटवत्याल," त्या म्हणाल्या. "फॅट लागायची न्हाय."

लिलमच्या मुक्कामाला त्यांनी स्वयंपाकघराच्या तंबूचा ताबा घेतला. आचारी मोहनदा साधा माणूस. मुनस्यारीचा राजमा म्हणजे त्याच्या अभिमानाचा विषय. लहान दाण्याचा, लोण्यासारखा शिजणारा. शालनबाईंनी चमचाभर चाखला, "बरा हाय" म्हणाल्या आणि कमरेच्या पाउचातून कांदा-लसूण चटणीचा डबा काढला. "ओ मोहनभाऊ, इसमें ये डालो. जरा जान आएगी."

जान आली. पुण्याच्या मुलांची मात्र गेली. एकजण पाण्याची बाटली डोक्यावर ओतून घेत होता. मोहनदाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तरी त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि तिसऱ्यांदाही. त्यानंतर तो रोज सकाळी शालनबाईंना विचारून स्वयंपाक करू लागला. मी पुरणपोळ्या नेल्या होत्या. त्या बिघडल्या. हे त्यांनी सगळ्यांना आवर्जून सांगितलं.

त्या मुलांना शालनबाईंच्या बोलण्याचं भारी कौतुक. आमच्याकडच्या बायका "मी आलो, मी जेवलो" असं बोलतात. "काकू, तुम्ही 'आलो' का म्हणता?" एकानं विचारलं. "आले म्हनलं तर पोट भरतंय व्हय जास्त?" असा प्रतिप्रश्न आला आणि विषय संपला.

बुगडियारला सीमेवरच्या पोलिसांची चौकी आहे. तिथं परवाने बघतात. वाट अरुंद आणि मधोमध आमचंच एक खेचर ठाण मांडून उभं. हरीशचा माणूस ओढतोय, ते हलेना. शालनबाई पुढं झाल्या. "आगं ए भवाने! सरक की बाजूला! वाट काय तुज्या बाची हाय व्हय? दीड दमडीचं जनावर आनि मिजास बगा पाटलिनीची!"

चौकीचं दार धाडकन उघडलं आणि अर्ध्या गालावर साबणाचा फेस असलेला एक जवान धावत बाहेर आला.

"ओ पावणं! कोल्हापूरचं काय?"

"व्हय रं बाळा! तू कुटला?"

"गडहिंग्लजचा, मावशी!"

झालं. दोघं एकमेकांच्या गावातल्या सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी करू लागले. तो पोरगा बोलता बोलता थांबला, जरा लाजला आणि म्हणाला, "मावशी, त्या खेचराला परत एकदा शिव्या द्या की. लई दिस झालं, आसलं कानावर पडलं न्हाय."

खेचर तोवर बाजूला झालं होतं. तरी शालनबाईंनी त्याला पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करून मनापासून झापलं. जवान साबणाचा फेस सुकेपर्यंत ऐकत राहिला.

मारतोलीच्या वर

मारतोली हे एका पठारावर वसलेलं दगडी गाव. एकेकाळी इथले व्यापारी मेंढ्यांवर मीठ आणि लोकर लादून तिबेटात जात. व्यापार थांबला आणि गाव रिकामं झालं. आता बहुतेक घरांची छपरं कोसळली आहेत. काही कुटुंबं उन्हाळ्यापुरती वर येतात, बटाटा आणि फाफर नावाचं तिकडचं धान्य पेरतात आणि थंडी पडली की उतरतात. गावाच्या वरच्या अंगाला नंदादेवीचं छोटं देऊळ आहे. तिथून शिखर दिसतं म्हणे. आम्हाला त्या दिवशी ढगांशिवाय काही दिसलं नाही. "जाने दो, बेसकॅम्पवर समोरच आहे," असं सगळ्यांनी एकमेकांना समजावलं.

मारतोलीहून वाट मुख्य खोरं सोडून ल्वां नावाच्या दरीत शिरते. झाडं संपली. खुरटी झुडपं आणि गवतात जमिनीला चिकटून फुललेली जांभळी फुलं. चालण्यात आम्ही दोघी सर्वांत मागं होतो, कारण दोघींपैकी कुणीच दुसरीला पुढं जाऊ देत नव्हतं आणि वाट एकाच माणसाच्या रुंदीची होती.

त्या दिवशी दुपारपासून माझ्या डोक्यात कुणीतरी पापडाचं पीठ कुटू लागलं. मी पाणी प्याले, टोपी खाली ओढली, कुणाला काही बोलले नाही. मुक्कामावर पोचलो तेव्हा अंधारायला आलं होतं. ताटातला राजमा मी चिवडत बसले.

"डोसकं दुकतंय?" शालनबाईंनी हळूच विचारलं.

"नाही."

"मळमळतंय?"

"अजिबात नाही."

"खोटं बोलालाइसा."

"तुम्हाला काय करायचंय? मला खाली पाठवलं की तुमचंच बरं."

मला वाटलं, त्या हसतील. त्या गंभीर झाल्या. "तुमी खाली गेल्यावर मी वर जाऊन करू काय? बगायला कोन हाय तितं? ह्या पोरांस्नी काय ठावं, मी कुनाला हरवलं ते?"

हा मुद्दा बिनतोड होता. पलीकडून हरीश यंत्र घेऊन एकेकाच्या बोटाला लावत येत होता. शालनबाईंनी एक घोंगडं दोघींच्या अंगावर ओढलं, मला खेटून बसल्या आणि हातातल्या हिरव्या बांगड्या बाहीत कोपरापर्यंत सारल्या.

"तुमचं बोट नगं," त्या कुजबुजल्या. "माजं देतो."

"दीदी, उंगली," हरीश माझ्यासमोर बसला. घोंगड्यातून, माझ्या बाजूनं, शालनबाईंचा उजवा हात बाहेर आला. मी चेहरा शक्य तितका शांत ठेवला. यंत्रानं आकडा दाखवला. हरीश हातापाशी क्षणभर घुटमळला, मग "बढ़िया" म्हणाला. नंतर त्यानं शालनबाईंना हात मागितला. घोंगड्याच्या दुसऱ्या टोकातून डावा हात बाहेर आला.

"दोनों का एकदम एक जैसा!" त्याला आश्चर्य वाटलं.

"समधन है ना हम," शालनबाई म्हणाल्या.

तो पुढं गेल्यावर आम्हाला हसू आवरेना. एका घोंगड्यात तोंडं खुपसून आम्ही शाळकरी पोरींसारख्या गदागदा हलत होतो. हसण्यानं माझं डोकं फुटायची वेळ आली, पण मला ते थांबवायचं नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींवर हसलो होतो. एकत्र कधी हसलो नव्हतो.

सकाळी मी डावा बूट उजव्या पायात घातला. मग नाडी बांधता येईना. बोटांना नाडी म्हणजे काय हेच आठवत नव्हतं. तशीच बाहेर पडले. शालनबाई तंबूसमोर मिश्री लावत बसल्या होत्या.

"सरळ चाला की," त्या काळ्या दातांनी म्हणाल्या.

"सरळच चालतेय."

"न्हाय. तुमी वढ्याकडं चाललाय."

मी बघितलं तर खरंच माझ्यापुढं ओढा होता. मी वळायला गेले, जमीन माझ्याआधी वळली आणि मी गुडघ्यांवर आले. पोटात होतं नव्हतं ते बाहेर पडलं. शालनबाई धावत आल्या. "मंगल, खाली बस! उटू नगं, बस म्हन्तो न्हवं!" त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. आणि मग सारी दरी ऐकेल अशा आवाजात: "हरीशभाऊ! ओ हरीशभाऊ! वो कल का उंगली मेरा था! इसका नहीं था! मेरा उंगली था!"

हरीश आला. त्यानं मला चार पावलं सरळ रेषेत चालायला लावलं. दोनच जमली. मग यंत्र माझ्या खऱ्याखुऱ्या बोटाला लावलं. आकडा कालच्यापेक्षा फारच खाली होता. नंतर त्यानं माझा हात उलटा केला, शालनबाईंचा बघितला.

"पोस्ट ऑफिसवाली दीदी का हाथ इतना सख्त कैसे, मैंने सोचा तो था," तो म्हणाला. "सोचकर छोड़ दिया."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे सांगितलं की आज चाल बिघडली आहे. आणखी वर नेलं किंवा इथंच ठेवलं तर उद्या उठवून उठणार नाही. आत्ताच्या आत्ता खाली. शालनबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी पदर शोधायला हात छातीशी नेला, पदर नव्हता. जॅकेटची चेन नुसतीच वरखाली केली.

आणि मी, माझा जीव ज्यांच्यामुळं वाचत होता त्यांनाच, काय म्हणाले? "शेवटी जिंकायचंच होतं ना तुम्हाला? सांगून टाकलंत."

"व्हय, जिंकायचं हाय की," त्या कडाडल्या. "पन जित्या बाईसंगं!"

मला वाटलं होतं, आता त्या "मीबी येतो खाली" म्हणतील. आम्ही दोघी गळ्यात गळे घालू. तसं काही झालं नाही. त्यांनी माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या, दोन गाठी मारल्या, माझ्या खिशात लवंगा कोंबल्या आणि म्हणाल्या, "जावा बेगीनं. तुमच्या वाटनीचं बी बगून येतो." आणि पाठ फिरवून काठी उचलून वरच्या वाटेला लागल्या. मी संतापातच उताराला लागले. संतापलेल्या माणसाला उतरायला जोर येतो, हेही खरं.

फेल

खेचरवाला दीवान मला खांद्याचा आधार देत मारतोलीपर्यंत घेऊन आला. उताराबरोबर डोक्यातलं कुटणं कमी होत गेलं. गावाची पहिली भिंत दिसली तेव्हा मला चक्क भूक लागली होती. दीवाननं मला त्याच्या ओळखीच्या एका आजीकडं पोचवलं. तिकडं आजीला आमा म्हणतात. सुरकुत्यांचं जाळं, नाकात सोन्याची मोठी फुली, आणि डोळे एखाद्या खोडकर मुलीचे.

"फेल?" तिनं पहिलाच प्रश्न केला.

"फेल," दीवान म्हणाला.

आमा मनमुराद हसली. वरून परत पाठवलेला प्रत्येक माणूस तिच्याकडं येऊन बसतो आणि ती त्यांची प्रतवारी लावते, असं दिसलं. दिल्लीचा एक जाडा माणूस फार रडला होता. एका परदेशी बाईनं सगळा दिवस भिंतीकडं बघून काढला. "तू क्या करेगी?" तिनं विचारलं.

"मला भूक लागलीय," मी म्हणाले.

हे उत्तर तिला आवडलं. तिनं फाफराची जाड पोळी आणि ज्या दिला. ज्या म्हणजे लोणी आणि मीठ घालून घुसळलेला चहा. कोल्हापूरच्या माणसानं तो चहा समजून पिऊ नये. कढण समजून प्यावा, मग तो उत्तम लागतो. दुसरा पेला मी मागून घेतला. मग आमानं मला बियाण्याचे बटाटे निवडायला बसवलं. फेल झालेल्यांनी बसून खायचं नाही, असा तिथला कायदा असावा.

बटाटे निवडताना तिनं विचारलं, वर कोण गेलंय? मी सांगितलं, मुलीची सासू. तिनं हातातला बटाटा खाली ठेवला.

"समधन के साथ आई? अपनी मर्ज़ी से?"

मी सगळी कहाणी सांगितली. मठ्ठ्यापासून बोटापर्यंत. माझं हिंदी पोस्टातलं, तिचं डोंगरातलं. पण विहिणींच्या गोष्टीला भाषा फारशी लागत नाही. बोटाशी आले तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. डोळे पुसत पुसत म्हणाली, तिच्या समधनीनं तिला कधी साधी सुई उसनी दिली नाही, आणि हिनं बोट दिलं. सकाळपासून धरून ठेवलेला राग तिथंच कुठंतरी बटाट्यांत सांडला.

दुपार कलताना मी पाय मोकळे करायला देवळाकडं गेले. वरची सगळी दरी ढगांनी काठोकाठ भरली होती; शालनबाई त्या ढगांच्या तळाशी कुठंतरी होत्या. मी नंदादेवीला हात जोडले आणि ओट्यावर बसले. वारा सुटला. ढग खाली तसाच राहिला, पण वरच्या बाजूनं तो फाटला आणि त्या फटीत, मी जिथं बघत होते त्याच्या कितीतरी वर, आभाळात, शिखर निघालं.

मी मान खाली आणून पुन्हा वर केली, कारण इतक्या उंचीवर डोंगर असू शकतो हे डोळ्यांना पटत नव्हतं. खाली पाया नाहीच. नुसता पांढरा ढग, आणि त्याच्यावर ही धारदार कड, तिच्यावरून बर्फाचा भुगा वाऱ्यानं एका बाजूला उडतोय. उन्हानं आधी ती पिवळी झाली, मग केशरी. मी एकटीच होते. फोन आमाच्या घरात, पिशवीत. आणायला उठले असते तर दिसायचं राहिलं असतं. म्हणून बसून राहिले. मला रडू आलं, आणि त्याच वेळी मनातल्या मनात मी म्हणाले, "बघा, शालनबाई!" हे विजयाचं होतं की त्या तिथं हव्या होत्या म्हणून, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

उतार

दुसऱ्या दिवशी गारांच्या पावसात सगळी परत आली. शालनबाई लंगडत होत्या, नाक लाल, पँट गुडघ्यावर फाटलेली. मला बघताच पहिला प्रश्न, "डोसकं?"

"गेलं."

"गेलं म्हंजे ऱ्हायलं का न्हाई?"

"दुखणं गेलं हो."

त्या आमाच्या चुलीपुढं बसल्या. आमानं त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन निरखून बघितले. नेमकं कोणतं बोट, ते तिला पाहायचं असावं. शालनबाईंनी त्या खारट चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि पेला संपवला.

"कसा होता बेसकॅम्प?" मी विचारलं. तयारी ठेवली होती. त्या आता रात्रभर पुरेल एवढं सांगणार.

त्यांनी रिकामा पेला चुलीशी ठेवला. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "पोचलो खरं. पन डोंगर न्हाय दिसला. एक दगूड दिसला न्हाय धड. पिटाच्या गिरनीत हुबं ऱ्हायल्यागत झालं. मी आपला ढगालाच नमस्कार केला."

माझ्या मनात आलं, सांगू नये. पण माझं तोंड मला ठाऊक आहे. ते आधीच हसत होतं.

"तुमाला दिसला व्हय?" त्या ओरडल्या. "हितनं? बशून?"

"बसून."

त्यांनी चुलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आमाकडं बघितलं. मला वाटलं, आता काठी पडतीय. "आरं द्येवा," त्या म्हणाल्या, आणि पोट धरून हसायला लागल्या. हसून झाल्यावर डोळे पुसले आणि माझ्याकडं सरकल्या. "सांगा की. कसा दिसला?"

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. रंग कोणता आधी आला, भुगा कोणत्या बाजूला उडत होता, कड सरळ होती का कललेली. मग त्यांनी मला बेसकॅम्प सांगितला: हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडांच्या राशी, त्यांवर घसरून फाटलेला गुडघा, मोहिमेवाल्यांनी रचलेले दगडी आडोसे, फाटक्या पताका, आणि पिवळ्या चोचीचा एक कावळा, ज्यानं त्यांच्या हातातून बिस्कीट पळवलं आणि समोर बसून खाल्लं.

"एक काम करू," त्या म्हणाल्या. "माजा कावळा तुमी घ्या. तुमचा डोंगर मला द्या. घरात कुनाला सांगायचं न्हाय."

मुनस्यारीपर्यंतच्या उतरणीत आम्ही दुसरं काही केलं नाही. एकमेकींचं पाठांतर घेत होतो. "बिस्कीट कुठल्या हातात होतं?" "डाव्या." "कड कुठं कललीय?" "उत्तरेला." "अहो, तुम्हाला उत्तर कुठली ते तरी माहितीय का?" हरीश पुढं चालत होता. त्याला मराठी येत नसावी, पण त्याचे खांदे हलत होते. निरोपाच्या वेळी त्यानं आम्हा दोघींना वाकून नमस्कार केला आणि शालनबाईंना म्हणाला, "उंगली संभाल के रखना."

राजारामपुरी

हे लिहायला घेण्याआधी मी शालनबाईंना विचारलं. "लिवा की," त्या म्हणाल्या. "पोरांस्नी कुटं वाचाय सवड हाय?" तेव्हा लिहिते आहे.

परत आल्यावर पहिल्या रविवारी माझ्याकडं सगळी जेवायला जमली. तांबडा-पांढरा रस्सा, मटण. नातू शालनबाईंच्या मांडीवर. प्राचीनं विचारायचा अवकाश, शालनबाईंनी शिखर उभं केलं. आधी पिवळं, मग केशरी; हातानं कड दाखवली, ओठांनी फुंकर मारून भुगा उडवला. मी सांगितला होता त्यापेक्षा तो डोंगर देखणा झाला होता. मलाच पुन्हा बघावासा वाटला. मग माझी पाळी आली. मी कावळा केला, दगडांवरून घसरले, पताका फडफडवल्या. विक्रम आ वासून ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा हेवा बघून माझ्या सांध्यांचं दुखणं थांबलं.

प्राची मात्र शालनबाईंचा फोन घेऊन बसली होती. बोटानं एकेक फोटो पुढं सरकवत होती. ढगात उभ्या शालनबाई. पताकांजवळ शालनबाई. फाटका गुडघा पुढं करून शालनबाई. ती थांबली. मागं गेली, पुन्हा पुढं आली.

"आई," ती माझ्याकडं बघून म्हणाली, "बेसकॅम्पच्या एकाही फोटोत तू कशी नाहीस गं?"

मी घाईनं रश्श्याची वाटी उचलली. वाटीतला रस्सा हिंदकळला. विक्रमनं मान वर केली.

शालनबाईंनी नळीचं हाड चोखून शांतपणे ताटात ठेवलं.

"आगं," त्या म्हणाल्या, "मग फोटू काडलं कुनी?"